चिकटलेलं आहे असं समजून

मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी, घरी निघायच्या वेळेला, आमच्या सपोर्टच्या रांगेत एक तक्रार येऊन पडली. सोबत दोन चित्रं होती. पहिलं खऱ्या वस्तूचं: इंजिनाजवळचा पंखा धरून ठेवणारा पत्र्याचा ब्रॅकेट, बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत चिरलेला. दुसरं आमच्या सॉफ्टवेअरच्या पडद्याचं: तोच ब्रॅकेट, निळा-हिरवा, लाल रंगाचा एक ठिपकाही नाही. खाली एकच वाक्य होतं, 'तुमच्या हिशेबाने हा तुटायला नको होता.'

ब्रॅकेट कंपनाच्या चाचणीत, टेबलावर तुटला होता. गाडीत बसायच्या आधीच तुटला, म्हणजे कुणाला काही झालं नाही. चाचणी असते ती त्यासाठीच.

मी पुण्यात अशा सॉफ्टवेअरवर काम करते, ज्यात यंत्रांचे भाग प्रत्यक्ष बनवण्याआधी संगणकावर दाबून, ताणून, हलवून पाहतात. मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि कोड लिहायला लागले, माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलामुलींसारखीच. माझ्याकडे या सॉफ्टवेअरचा एक छोटा कोपरा आहे. शेजारशेजारचे दोन भाग एकमेकांना कुठे आणि कसे जोडलेले आहेत, हे ठरवणारा कोड मी लिहिते.

निळ्या चित्रातली चूक शोधायला मला दीड दिवस लागला. ती चूक कुणाची, या प्रश्नाला त्याहून बराच जास्त वेळ गेला. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, पण त्यासाठी आधी थोडं जाळ्यांबद्दल सांगावं लागेल.

*

एखादी वस्तू दाबली तर ती कुठे किती वाकेल, याची समीकरणं साधारण दोनशे वर्षांपासून माहीत आहेत. अडचण अशी की ती हाताने सोडवता येतात फक्त साध्या आकारांसाठी. सरळ तुळई, गोल नळी, चौकोनी पत्रा. विमानाचा पंख किंवा गाडीचा सांगाडा समोर आला की हात टेकायची वेळ येते. त्यावर विसाव्या शतकात जो मार्ग निघाला तो ऐकायला अगदी साधा आहे: वस्तूचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचं गणित सोपं ठेवा आणि मग सगळे तुकडे एकत्र सोडवा. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा या विषयातला गाजलेला निबंध १९५६ सालचा. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. आज तुम्ही ज्या पुलावरून जाता, ज्या गाडीत बसता, कदाचित ज्या फोनवर हे वाचताय, त्याच्या मागे कुठेतरी हे गणित झालेलं असतं.

या तुकड्यांच्या जाळ्याला आम्ही मेश म्हणतो. तुकडा म्हणजे एलिमेंट, त्याचे कोपरे म्हणजे नोड. महत्त्वाचं एवढंच, की शेजारचे दोन तुकडे एकमेकांशी बोलतात ते नोडमधून. नोड सामाईक असेल तर एकाचा धक्का दुसऱ्याला कळतो. नोड सामाईक नसेल तर पडद्यावर ते कितीही खेटून दिसोत, गणिताच्या दृष्टीने त्यांची ओळखसुद्धा नसते.

आता घरातल्या फरशीकडे बघा. हॉलमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स आहेत, स्वयंपाकघरात सोळा इंची. दोन्ही खोल्यांमध्ये फरशी व्यवस्थित बसलेली आहे, पण दारात या दोन फरश्या भेटतात तिथे एकीच्या रेघा दुसरीच्या रेघांना मिळत नाहीत. फरशीवाला काय करतो? मधे ग्रॅनाइटची पट्टी टाकतो आणि विषय संपवतो.

आमच्याकडेही हेच होतं. प्रत्येक भागाचं जाळं वेगळ्या माणसाने, वेगळ्या मापाने केलेलं असतं. सीमेवर नोड जुळत नाहीत. अशा वेळी तीन रस्ते असतात.

पहिला, दोन्ही जाळी पुन्हा अशी करायची की सीमेवरचा प्रत्येक नोड दोघांचा सामाईक होईल. सगळ्यात स्वच्छ पद्धत, आणि सगळ्यात वेळखाऊ.

दुसरा, एक जाळं दुसऱ्याला गणिताने बांधून टाकायचं. याला टाय म्हणतात. समजा एका बाजूचा नोड समोरच्या 'अ' आणि 'ब' या दोन नोडच्या मधे पडतो, 'अ'पासून ३० टक्के अंतरावर. मग त्या नोडने कसं हलायचं हे त्याच्या हातात राहत नाही. 'अ'ची हालचाल गुणिले ०.७ अधिक 'ब'ची हालचाल गुणिले ०.३, झालं. त्याला स्वतःची अशी हालचाल उरत नाही. या क्षेत्रात अनेक वर्षं या दोन बाजूंना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत आले. अलीकडे काही सॉफ्टवेअरनी हे शब्द बदलले आहेत. शब्द बदलले, गणित तेच आहे.

तिसरा रस्ता कॉन्टॅक्टचा. इथे दोन भाग टेकले तर एकमेकांना ढकलतात, घर्षणाने अडवतात, आणि ओढले तर सुटतात. खऱ्या जगात बहुतेक गोष्टी अशाच वागतात. पण टेकलंय की सुटलंय हे आधी माहीत नसल्यामुळे संगणकाला पुन्हा पुन्हा अंदाज बांधून सोडवावं लागतं. मिनिटांचं काम तासांवर जातं.

घाई असते तेव्हा माणसं दुसऱ्या रस्त्याने जातात. घाई नेहमीच असते.

*

या कामात पहिल्या वर्षी माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे, आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

समजा तुम्ही एक भाग जोडायलाच विसरलात. तो मॉडेलमध्ये मोकळा तरंगतोय. त्याला जरा ढकललं तर अडवणारं कुणी नाही, म्हणजे तो किती हलेल याला काही मर्यादाच नाही. गणितात याचा अर्थ शून्याने भागायची वेळ येते. सॉफ्टवेअर थांबतं, लाल अक्षरात ओरडतं, पुढे जाऊच देत नाही. रात्री लावलेलं गणित सकाळी मेलेलं सापडतं. सगळे वैतागतात, पण चूक उघडी पडते.

आता उलट समजा. जे भाग खऱ्या जगात फक्त एकमेकांवर टेकलेले आहेत, किंवा ज्यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली आहे, ते तुम्ही चुकून चिकटवले. सॉफ्टवेअर काहीच म्हणत नाही. उलट गणित लवकर सुटतं, चित्र गुळगुळीत येतं, ताणाचे आकडे सुरेख दिसतात. कारण चिकटलेली वस्तू नेहमीच जास्त ताठ असते.

किती जास्त? पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरचे दोन पत्रे नुसते एकमेकांवर ठेवले तर ८ अधिक ८, म्हणजे १६. तेच दोन पत्रे पूर्ण चिकटवले तर ४ मिलिमीटरचा एक पत्रा झाला, ४ चा घन ६४. म्हणजे चौपट. वहीची पानं सुटी असतात तोवर वही सहज वाकते. सगळ्या पानांना एकमेकांवर डिंक लावून वाळवली तर तिचा पुठ्ठा होतो. कागद तेवढाच आहे. बदललं ते फक्त पानांमधलं नातं.

थोडक्यात, नातं नाही असं धरण्याची चूक ताबडतोब पकडली जाते. नातं आहे असं धरण्याची चूक बक्षीस देते. तुमचा भाग पास होतो, तुम्ही वेळेत घरी जाता.

*

त्या ब्रॅकेटमध्ये २ मिलिमीटरचे दोन पत्रे होते, मधे १ मिलिमीटरची फट, आणि चार जागी बोल्ट. फट मुद्दाम ठेवली होती. पातळ पत्र्यांच्या मॉडेलमध्ये आम्ही पत्र्याची जाडी काढत नाही, त्याच्या मधोमध जाणारं एक पृष्ठ काढतो. त्यामुळे मॉडेलमध्ये ही दोन पृष्ठं एकमेकांपासून ३ मिलिमीटर दूर होती.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आपोआप जोड' नावाची एक सोय आहे. हजारो भागांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक सांधा हाताने जोडणं अशक्य असतं. म्हणून ठरावीक अंतराच्या आत जी पृष्ठं येतील ती सॉफ्टवेअर स्वतःच बांधून टाकतं. आमचंच सॉफ्टवेअर हे करतं असं नाही. अ‍ॅन्सिस वर्कबेंचसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही असेंब्ली आणली की शेजारच्या पृष्ठांमध्ये आपोआप संपर्क तयार होतात, आणि त्यांचा मूळ प्रकार 'बॉन्डेड' असतो. म्हणजे सुटणार नाही, घसरणार नाही.

आमच्याकडे ते ठरावीक अंतर जाळ्याच्या मापावरून निघायचं: एलिमेंटच्या सरासरी लांबीच्या निम्मं. ग्राहकाच्या इंजिनियरने आधी ४ मिलिमीटरचं जाळं केलं होतं. निम्मं म्हणजे २. पृष्ठं ३ मिलिमीटर दूर, म्हणून जोडली गेली नाहीत. मग डेडलाइन जवळ आली, गणित लवकर सुटावं म्हणून त्याने ८ मिलिमीटरचं जाळं केलं. निम्मं म्हणजे ४. आता ३ हे ४ च्या आत आलं, आणि दोन्ही पत्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटले. मधलं अंतर धरलं तर जोडीचा ताठपणा जवळजवळ आठपट झाला. ताण निम्म्याहून खाली आला.

त्याने फक्त जाळ्याचं माप बदललं होतं. बदलली होती वस्तूच.

मला हे कळलं ते हालचाल शंभरपट वाढवून पाहिल्यावर. दोन पत्रे पडद्यावर एकाच लयीत डुलत होते, मधली फट तसूभरही कमी-जास्त होत नव्हती. खऱ्या पत्र्यांना ते शक्यच नाही.

मी कोड उघडला. ०.५ हा आकडा तिथे होता. शेजारी, तीन वर्षांपूर्वीची माझीच एक टीप होती: 'नंतर बघू: मुद्दाम अंतर ठेवलेल्या पत्र्यांचं काय?'

*

सोमवारी मी आमच्या लीडला सगळं दाखवलं. तो चांगला माणूस आहे, हे आधीच सांगते. तो म्हणाला, "अगं, हा बग नाहीये. ठरवलंय तसंच चालतंय. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की अंतर एलिमेंटच्या मापावर अवलंबून आहे. आणि जोडलेल्या पृष्ठांची यादी लॉगमध्ये येते. त्यांनी बघायला हवी होती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या लॉगमध्ये साडेचार हजार ओळी होत्या. आमची ओळ ३,०००च्या पुढे कुठेतरी.

ग्राहकाला उत्तर गेलं, माझ्या नावाने: सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणे काम करत आहे, कृपया जोडांची यादी तपासून पाहावी, मॅन्युअलचा अमुक विभाग पाहावा. उत्तर पाठवताना मला वाईट वाटलं नाही. हे मला नोंदवून ठेवायचंय. सुटल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात मी विल्यम क्लिफर्डचा एक निबंध पुन्हा वाचला. क्लिफर्ड एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती. त्याच्या नावाचं बीजगणित आजही शिकवलं जातं. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधाची सुरुवात तो एका जहाजमालकाच्या गोष्टीने करतो. जहाज जुनं आहे, डागडुजी बऱ्याचदा झालेली आहे, आणि त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी निभावल्या, ही पण निभावेल; देव आहे; बांधणाऱ्यांवर उगाच संशय कशाला. हळूहळू त्याला खरोखरच खात्री वाटायला लागते. जहाज निघतं, भर समुद्रात बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण समोर असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता. पुढे तो आणखी कडक होतो. समजा जहाज बुडालं नसतं, तरी मालक तेवढाच दोषी राहिला असता. फक्त पकडला गेला नसता.

पहिल्यांदा, कॉलेजात, हा निबंध वाचला तेव्हा मला तो ग्राहकासारख्या माणसांबद्दल वाटला असता. त्या इंजिनियरनेही तर स्वतःची समजूत घातली होती. ताण निम्म्यावर आलेला त्याला दिसला होता. पण जाडसर जाळ्यात ताणाचे कमाल आकडे थोडे कमी येतात हे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं असतं, आणि ते खरंही आहे. त्याच्याकडे एक बरं दिसणारं कारण होतं, शंका तिथेच थांबली.

आता मात्र मला त्या गोष्टीत माझी टीप दिसत होती. 'नंतर बघू.' शंका मलाही आली होती, त्याच्या तीन वर्षं आधी. ०.५ हा आकडा ठरवताना मी बारा नमुने तपासले होते. बाराच्या बारा असे होते, ज्यांत भाग जोडले जायलाच हवे होते. जिथे जोड व्हायला नको, असा एकही नमुना मी घेतला नव्हता. कारण त्या वेळी तक्रारी यायच्या त्या 'जोडलं गेलं नाही' अशाच. जास्त जोडलं गेल्याची तक्रार कुणी करत नव्हतं. कशी करणार? ती चूक दिसतच नाही.

*

'मी काही केलं नाही, मी फक्त आहे तसं राहू दिलं,' हा आपल्या सगळ्यांचा आवडता बचाव आहे. डिफॉल्ट त्यावरच चालतो. वापरणाऱ्याला वाटतं, आपण काही निवडलेलं नाही. बनवणाऱ्याला वाटतं, बदलायची सोय दिली होती. मधल्या मधे निर्णय होऊन जातो आणि त्याला आई-बाप राहत नाही.

हा निर्णय किती मोठा असतो, याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्राबाहेरचं आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या देशांमधल्या अवयवदानाच्या संमतीचे आकडे शेजारी ठेवले. जर्मनीत संमती होती सुमारे १२ टक्के लोकांची, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक. ऑस्ट्रियन माणसं जर्मनांपेक्षा आठपट दानशूर आहेत असं काही नाही. जर्मनीत 'हो' म्हणायला नोंद करावी लागत होती, ऑस्ट्रियात 'नाही' म्हणायला. बहुतेकांनी दोन्हीकडे काहीच केलं नाही.

तिथे डिफॉल्ट काय असावा यावर देशात वाद होऊ शकतो, कायदा होतो. माझा ०.५ मी एका दुपारी ठरवला होता, बहुधा चहाच्या आधी.

*

सांधा हीच अशी जागा आहे, जिथे जबाबदारी खाली पडते. फक्त पडद्यावर नाही, माणसांतही.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला हयात रीजन्सी हॉटेल १९८० मध्ये सुरू झालं. त्याच्या उंच दालनात छताला टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल. मूळ आराखड्यात छतापासून खालपर्यंत अखंड सळया होत्या आणि दोन्ही पूल आपापल्या नटवर त्याच सळयांना लटकणार होते. बांधताना तेवढी लांब आटेवाली सळई गैरसोयीची म्हणून एकाऐवजी दोन सळया घेतल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

कागदावर फारसा फरक दिसत नाही. पण विहिरीत सोडलेल्या एका दोराला दोन माणसं लटकलीयत असं समजा. दोघांनी आपापल्या हातांनी दोर धरला असेल तर प्रत्येकाच्या हातावर फक्त स्वतःचं वजन. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोराला काही फरक पडत नाही, वरच्याच्या हातांवर मात्र दोघांचं वजन येतं. तसंच चौथ्या मजल्याच्या पुलाखालच्या नटवर दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ रोजी, खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असताना, तो सांधा फाटला. ११४ माणसं गेली, २००हून अधिक जखमी झाली.

पुलाच्या तुळया मोडल्या नव्हत्या. सळया तुटल्या नव्हत्या. गेला तो दोघांमधला जोड. चौकशीत दिसलं की बदल न करता मूळ आराखडा वापरला असता, तरी तो जोड नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भरला असता. बदललेल्या ड्रॉइंगवर अभियंत्यांच्या कार्यालयाचा शिक्का होता. त्या जोडाचं गणित मात्र पोलाद बनवणाऱ्यांनीही केलं नव्हतं आणि अभियंत्यांनीही नाही. दोन प्रमुख अभियंत्यांचे मिसूरी राज्यातले परवाने रद्द झाले.

मला यात सगळ्यात जास्त ओळखीचं काय वाटतं, तर दोन चांगल्या संस्थांमधला तो 'बॉन्डेड' संपर्क. त्यांनी बघितलं असेल. हे त्यांच्याकडे येतं. शिक्का आहे म्हणजे तपासलंय. दोन माणसांमध्येही आपण असंच धरून चालतो की सुटणार नाही, घसरणार नाही. तपासायला गेलं तर समोरच्याला अविश्वास वाटेल, ही भीती वेगळीच.

*

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळंच तपासायचं म्हटलं तर काहीच बनणार नाही. मॉडेल म्हणजेच गृहीतकं. वारा मोजला नाही, पत्र्यातल्या लोखंडाचा एकेक कण मोजला नाही, तरी पूल उभे राहतात. मग एका फटीचा एवढा बाऊ कशाला?

मला वाटतं, आक्षेप बरोबर आहे आणि तरी माझी सुटका करत नाही. गृहीतक धरणं ही चूक नाही. कुणीच न धरलेलं गृहीतक ही चूक आहे.

१९९१ मध्ये नॉर्वेत स्लेइपनर ए या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्टला, स्टॅव्हेंजरजवळच्या फ्योर्डमध्ये, चाचणी म्हणून पाण्यात खाली उतरवत असताना फुटला आणि बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. पाया म्हणजे एकमेकांना चिकटून उभे असलेले काँक्रीटचे प्रचंड गोल कप्पे. हे कप्पे जिथे भेटतात तिथल्या लहान तिकोनी जागेच्या भिंतीत गणिताने कातरताण ४७ टक्के कमी दाखवला होता, कारण त्या सांध्यातलं जाळं जाड आणि वेडंवाकडं होतं. नंतर त्याच पद्धतीने, पण काळजीपूर्वक गणित केलं तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

पद्धत इतकी अचूक होती. तिला सांध्यात नीट बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा प्रत्येक जागी संशय घ्या असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे, की जिथे दोन गोष्टी भेटतात तिथे आपण काय धरून चाललोय हे कुणीतरी आपल्या नावाने म्हणायला हवं. 'हे चिकटलेलं आहे असं मी समजते.' हे वाक्य एकदा उच्चारलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: का समजतेस? न उच्चारलेल्या वाक्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

*

अकरा दिवसांनी मी त्या इंजिनियरला फोन केला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असावा. मी त्याला टिपेबद्दल सांगितलं, बारा नमुन्यांबद्दल सांगितलं.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, मी इथे आधीच सांगून टाकलंय की चूक माझीच होती. लॉग मी बघितला नव्हता. आता तुम्ही कशाला...?"

मी म्हटलं, "तुम्ही लॉग बघितला नाहीत हे खरंच आहे. पण तो निर्णय लॉगमध्ये दडवून ठेवला मी. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं."

"मग हे मेलवर लिहून द्याल?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. फोनवर बोलणं सोपं होतं. फोनवरचं बोलणं टाय नसतं, नुसता स्पर्श असतो. ओढलं की सुटतं. त्या दिवशी संध्याकाळी मी मेल लिहिला, त्याला आणि त्याच्या मॅनेजरला, आमच्या लीडला कॉपी ठेवून. लीड दोन दिवस माझ्याशी फारसं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आधी मला विचारायचंस." तेही बरोबर होतं.

मग मी कोड बदलला. नव्या आवृत्तीत अंतर जाळ्याच्या मापावर ठरत नाही, आणि कोणतीही दोन पृष्ठं बांधण्याआधी सॉफ्टवेअर विचारतं: 'यांना जोडू?' पंधरा दिवसांत चाळीसेक तक्रारी आल्या. मोठ्या मॉडेलमध्ये लोकांना शेकडो वेळा 'हो' दाबावं लागत होतं, आणि दहाव्या 'हो'नंतर कुणी वाचत नाही, हे मलाही कळत होतं. शेवटी मधला मार्ग निघाला. पृष्ठं खरोखर टेकलेली असतील तर विचारायचं नाही. त्यांच्यात मोजता येईल एवढी फट असेल तरच थांबून विचारायचं, आणि तो जोड चित्रात वेगळ्या रंगात दाखवायचा, जोवर कुणीतरी त्याच्यापुढे स्वतःचं नाव लिहीत नाही तोवर. अहवालात ते नाव छापून येतं.

हे परिपूर्ण नाही. टेकलेली पृष्ठंसुद्धा सुटू शकतात, घसरू शकतात, आणि ती आम्ही अजूनही न विचारता बांधतो. कुठेतरी कुणाच्यातरी मॉडेलमध्ये या क्षणी माझं एक गृहीतक निळ्या रंगात झोपलेलं असेल. फरक इतकाच, की कोडमधली ती टीप मी पुसली नाही. 'नंतर बघू' एवढे दोन शब्द खोडले, आणि पुढे माझं नाव आणि तारीख लिहिली.